पिशवी परत दे

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप तीनदा वाचला. “काका, बाबांना पुण्याला आणू, का फलटणलाच चोवीस तासांचा माणूस ठेवू?” न्हाणीत ते पडले, कंबरेला मुका मार बसला, आणि आठवड्याच्या आत तू त्यांचा जिना बंद केलास, बादली उचलणं बंद केलंस, मंडईची पिशवी शेजारच्या पोराच्या हातात दिलीस. आई गेल्यापासून तुला त्यांची किती धास्ती आहे ते मला ठाऊक आहे. मायेबद्दल मला काही बोलायचं नाही. पिशवीबद्दल बोलायचंय.

पिशवी परत दे.

माझी आई ७६ व्या वर्षी स्वयंपाकघरात पडली. मोडलं काही नव्हतं. पण मी घाबरलो. तेव्हा मी नीरा उजव्या कालव्यावर कालवा निरीक्षक होतो. पाणीपाळी सुरू झाली की चार-चार दिवस घरी नसायचो. ही पुन्हा पडली तर, एवढंच डोक्यात. तिची विळी पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. पलंग आणला, ताटही पलंगावर. “जन्मभर केलंस, आता बस,” म्हणालो. ती बसली.

त्याआधी ती दिवसातून चारदा खाली बसायची. विळीचा पाट पायाखाली दाबून मेथी चिरायची. झालं की डाव्या हातानं कट्ट्याची कड धरायची, “विठ्ठला” म्हणायची आणि उठायची. त्या उठण्यावरच तिचे पाय टिकून होते, हे मला कळलं नाही. दिवाळीत पडली, आषाढी येईपर्यंत तिला दोघांनी धरून उभं करावं लागत होतं. पुढची दोन वर्षं अंथरुणात गेली. शेवटी शेवटी विळी मागायची. मी दिली नाही. लागेल म्हणून.

ती गेल्यावर विळी खाली काढली. पातं गंजलं होतं. धार लावून आणली, आणि आता रोज जमिनीवर बसून मी तिच्यावर भाजी चिरतो.

वयानं अंगावरचं मांस झडतं, ते कुणाला चुकलंय? पण न वापरल्यानं झडतं त्याचा वेग निराळा. म्हातारं माणूस दहा दिवस पडून राहिलं तरी मांड्या उतरतात, आणि तरण्या माणसासारख्या लवकर भरून येत नाहीत. तुझ्या वडिलांनी आमच्याच सेक्शनला मोजणीदारी केलीय, विचार त्यांना. कालव्यातून शेताकडे जाणाऱ्या चारीला दोन हंगाम पाणी सोडलं नाही तर गवत माजतं, गाळ धरतो. मग सोडलेलं पाणी टेलला, शेवटच्या टोकाला, पोचत नाही.

पडू दे त्यांना, असं मी म्हणत नाही. न्हाणीतली गुळगुळीत फरशी काढ, खरबरीत टाक. कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा बसव. टॉवेलचा दांडा नव्हे, तो अंगाच्या भारानं उपटून येतो. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर दिवा राहू दे. रात्री उठताना पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, मगच उभं राहायचं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्या की काही जणांचा दाब उभं राहताच उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि पोरी, ते घसरून पडले की अंधारी येऊन, हे तू त्यांना विचारलंससुद्धा नाहीस! माणूस शोधायला मात्र निघालीस. आधी ते विचार, गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा, मोतीबिंदू तपासून घे. वाटेतली अडचण काढ. हातचं काम काढू नकोस.

माझ्या मुलाला हे पटत नाही. मी ७४ चा, अजून सकाळी कालव्याच्या भरावावरून चालतो. गेल्या पावसाळ्यात तिथंच घसरलो, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मुलाला दोन दिवस कळवलं नाही. चुकलंच, असं सगळे म्हणतात. असेल. पण कळवलं असतं तर तिसऱ्या दिवशी मी त्याच्या आठव्या मजल्यावर असतो. भाजी दारात, चहा हातात. मग उठायचं कशासाठी? प्लास्टर निघालं तेव्हा बोटं मिटत नव्हती. रोज कणीक मळायला घेतली. पहिले पंधरा दिवस गोळा हातातून सुटायचा. महिन्यानं बाटलीचं झाकण फिरलं. ते मी एकट्यानं फिरवलं, आणि त्याला फोन करून सांगितलं.

हट्टी म्हण मला. पण काढून घेऊ नकोस.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचाय. मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, आणि गेल्या वर्षी तू तो तसा करून दिलास, तेही माहीत आहे. यंदा ते माझ्याबरोबर बँकेत चालत येतील. माझा अंगठा आता यंत्रावर उमटत नाही, रेषा झिजल्यात. मी सही करतो. वाटेत दोनदा पारावर बसतो आम्ही. वेळ लागतो. लागू दे.

पुण्याला ते येतील की, जरूर येतील. एसटीनं, अर्ध्या तिकिटात, खिडकीशी बसून. तू स्टँडवर घ्यायला ये. पिशवी मात्र त्यांच्याच हातात राहू दे.

तुझा,
काका