चर्चच्या टीमसोबत काठमांडूच्या बालगृहात दोन आठवडे सेवेला जावं का?

नेपाळला जरूर जा, पण बालगृहात नको, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, पोखरा अशा टुरिस्ट येतात त्याच भागात आहेत, आणि युनिसेफच्या म्हणण्यानुसार तिथल्या जवळपास 85% मुलांचे आई किंवा वडील, निदान एकजण तरी, जिवंत आहेत. 1996 ते 2006 च्या यादवीत हुमलासारख्या लांबच्या डोंगराळ जिल्ह्यांतून दलालांनी शाळेचं आमिष दाखवून, वर आईबापांकडून पैसे घेऊन पोरं शहरात आणली, आणि बाहेरून येणारे पाहुणे देणग्या देत राहिले म्हणून तो धंदा पुढेही चालत राहिला. अनोळखी माणूस दिसला की एखादं पोरगं धावत येऊन मांडीवर बसतं ना, आपल्याला भरून येतं, पण दर पंधरवड्याला नवी ताई नवा दादा येतो आणि निघून जातो, हे त्या जिवाला फार लागतं हो.

तरीही टीम जाणारच असेल तर लीडरला आधी विचारा की संस्था मुलांना घरी परत पाठवायचं काम करते का, आणि तुमचं पोलिस व्हेरिफिकेशन कुणी मागितलंय का. मागितलंच नसेल तर तिकीट काढू नका.