साडेचार वर्षांचा उपास?

प्रश्न : एका ऑक्टोपस मादीने खोल समुद्रात साडेचार वर्षं अंडी राखली, असं ऐकलं. तेवढा काळ ती खात काय होती?

उत्तर : बहुधा काहीच नाही! ही ग्रॅनेलिडोन बोरिओपॅसिफिका जातीची मादी. कॅलिफोर्नियाजवळच्या मॉन्टेरे दरीत, सुमारे १,४०० मीटर खोल खडकावर, मे २००७ मध्ये समुद्रजीवशास्त्रज्ञ ब्रूस रॉबिसन आणि सहकाऱ्यांना ती अंड्यांवर दिसली. सप्टेंबर २०११ पर्यंत दरवेळी तीच, तिथेच. ओळख पटायची ती अंगावरच्या जुन्या व्रणांवरून. शेजारून खेकडे, कोळंब्या जात. ही त्यांना हात लावायची ती फक्त अंड्यांपासून दूर ढकलायला. संशोधकांनी पाण्यात सोडलेल्या यंत्रमानवाच्या हाताने खेकड्याचे तुकडे पुढे केले, तेही तिने घेतले नाहीत. मधल्या काळात कातडी फिकट पडली, डोळे धूसर झाले, अंग आक्रसलं. चोवीस तास कॅमेरा नव्हता, म्हणून मी ‘बहुधा’ म्हटलं. पण हा थकवा पोटभर जेवणाऱ्या जिवाचा वाटत नाही.

हे जमतं ते थंडीमुळे. तिथलं पाणी तीन अंश सेल्सिअसच्या आसपास. त्यात आईचं शरीर अगदी कमी ऊर्जेवर चालतं, पण अंड्यांची वाढही रेंगाळते. उशिराचा फायदा पिल्लांना : बाहेर पडताच ती स्वतः शिकार करू शकतात.

ऑक्टोबर २०११ मध्ये खडकावर उरली होती फक्त अंड्यांची रिकामी टरफलं.