केशरी कार्ड होतं, तरी बिल का भरावं लागलं?

प्रश्न विचारणाऱ्या दादांनी लिहिलंय ते थोडक्यात असं: मामा इचलकरंजीत यंत्रमाग कामगार, घरात केशरी रेशन कार्ड. जून 2021 मध्ये कोरोना झाला, खासगी दवाखान्यात वॉर्डात ऑक्सिजनवर होते. काउंटरवर ‘हे योजनेत बसत नाही’ म्हणून सांगितलं, मामींनी दागिने मोडून बिल भागवलं. सगळ्यांना मोफत उपचार अशी घोषणा होती, मग हे कसं झालं? पैसे परत मिळतील का? पुन्हा साथ आली तर काय करायचं?

पैशांचं आधी सांगतो, कारण त्यात आशा लावून बसण्यात अर्थ नाही. काउंटरवर म्हणत होते ती योजना म्हणजे राज्य सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना, आणि ती कॅशलेस आहे. पैसे थेट दवाखान्याला जातात. आपण बिल भरलं आणि नंतर पावत्या घेऊन गेलो तर तिथं कुणी दाद देत नाही, तशी सोयच नाही. राहिला ग्राहक आयोग. तिथं तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. कोरोनाकाळामुळं सुप्रीम कोर्टानं 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता, म्हणजे मामांची मुदत फेब्रुवारी 2024 अखेर संपली. उशिराचं सबळ कारण दिलं तर आयोग माफी देऊ शकतो, पण हातात काय कागद आहेत ते वकिलाला दाखवूनच पाऊल टाका.

आता ‘बसत नाही’चं. 23 मे 2020 च्या शासन निर्णयानं राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना, अगदी पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, ही योजना लागू केली. बातमी तेवढीच लोकांपर्यंत पोचली. पण ही योजना आजारावर चालत नाही, पॅकेजवर चालते, म्हणजे ठरवून दिलेल्या उपचारांच्या यादीवर. कोविडसाठी 20 पॅकेजेस होती आणि त्यांचा भर गंभीर श्वसनविकारांवर, व्हेंटिलेटरची वेळ आलेल्या रुग्णांवर होता. साधा ताप-खोकला असलेला त्यात येतच नव्हता. वॉर्डात ऑक्सिजनवर पडलेला माणूस बरोबर मधल्या फटीत सापडला. घरच्यांच्या दृष्टीनं तो गंभीरच, पॅकेजच्या दृष्टीनं मात्र पुरेसा गंभीर नाही. बरं, पॅकेजमध्ये बसला तरी दवाखाना अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेला हवा आणि उपचाराला मंजुरी यायला हवी. या तीन गोष्टींपैकी एक जरी निसटली तरी दीड लाखाचं संरक्षण नुसतं कागदावर राहतं. तेव्हा कुटुंबामागं वर्षाला दीड लाखच होतं.

माझं स्पष्ट मत आहे की साथीत गरिबाला विम्यानं नाही, सरकारी खाटेनं तारलं. आमच्याकडं कोल्हापूरचं सीपीआर आणि इचलकरंजीचं आयजीएम ही सरकारी रुग्णालयं नसती तर काय झालं असतं, कल्पना करवत नाही. बाकी राज्यात दुसरी लाट ओसरत होती तेव्हा कोल्हापूर जिल्हा जून-जुलैतही तापलेलाच होता. सीपीआरमध्ये गेलेल्याला पॅकेज विचारलं नाही. खाट मिळेपर्यंतचा जीवघेणा घोर मात्र होता, आणि त्या घोरापायीच तुमच्या मामांसारखी माणसं खासगीकडं वळली. त्यांना दोष कसा द्यायचा? विमा ही ठरलेल्या उपचाराची ठरलेली किंमत आहे. हर्निया, अँजिओप्लास्टी, डायलिसिस यांना तो उत्तम चालतो. ज्या आजाराचा उपचारच दर महिन्याला बदलत होता, तिथं तो मागं पडणारच.

दुसरी गोष्ट, जी मामींना त्या वेळी कुणी सांगितली नसणार. योजनेबाहेरच्या रुग्णालाही वाटेल ते बिल लावता येत नव्हतं. मे 2020 च्या अधिसूचनेनं खासगी दवाखान्यांच्या 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले होते: साधा वॉर्ड दिवसाला 4000, आयसीयू 7500, व्हेंटिलेटरसह 9000 रुपये. पुढं 1 जून 2021 ला शहरांचे गट पाडून छोट्या शहरांचे दर आणखी उतरवले. पीपीई किट आणि महागडी औषधं त्यातून वगळलेली होती, आणि पाणी मुरलं ते तिथंच. मी शेजाऱ्यांचं एक बिल बघितलं होतं. वॉर्डचा दर अगदी नियमात. खाली ‘पीपीई’ रोज वेगळं, सॅनिटायझेशन वेगळं, ‘कोविड वेस्ट’ वेगळं, आणि शेवटी नुसतंच ‘इतर’. एकाच वॉर्डात फिरणारी नर्स एकच किट घालून सगळ्या रुग्णांकडं जाते, आणि प्रत्येकाच्या बिलात पूर्ण किट! अशा बिलांसाठी प्रशासनानं लेखापरीक्षक नेमले होते. पण डिस्चार्जच्या दिवशी ‘पैसे भरा आणि पेशंट न्या’ म्हटल्यावर लेखापरीक्षक शोधायला कोण जातंय!

मामांचा मालक ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) भरत होता का, हेही विचारून बघा. पगार 21,000 पर्यंत आणि कारखान्यात 10 किंवा जास्त कामगार असतील तर तो भरायला हवा. पण इचलकरंजीत कापडाच्या मीटरवर मजुरी घेणाऱ्याचं नाव हजेरीपटावर असेलच असं नाही, आणि कारखाने तुकड्या-तुकड्यानं वेगळ्या नावावर असतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

आता पुढचं. जुलै 2024 पासून ही योजना कुटुंबामागं वर्षाला 5 लाखांवर गेली आहे आणि पांढरं कार्डही चालतं. म्हणून आजच कार्ड काढून बघा, घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का. सगळ्यात जास्त अडतं ते सुनांचं: माहेरच्या कार्डातून नाव कमी केलेलं असतं आणि सासरच्या कार्डावर चढवलेलं नसतं. आधारवरचं आणि रेशन कार्डावरचं नाव एक आहे का, तेही बघा. हे काम तहसीलच्या पुरवठा शाखेत होतं, आणि माणूस ॲडमिट असताना तिथं रांग लावणं म्हणजे छळ.

दवाखान्यात गेल्यावर बिलिंग काउंटरकडं नाही, आधी आरोग्यमित्राकडं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडं जायचं. अंगीकृत दवाखान्यात त्याचं टेबल असतं. तातडीचं असेल तर फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतो, कागद मागाहून देता येतात, म्हणून ‘कार्ड आणा, मग बघू’ हे ऐकून गप्प बसू नका. ‘बसत नाही’ म्हणाले तर कुठल्या पॅकेजमध्ये आणि का, ते लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की निम्म्या वेळा बसायला लागतं. तरी नाही म्हणाले तर तिथंच उभं राहून 155388 ला फोन लावा आणि तक्रार नोंदवा. आधी डिपॉझिट भरू, मग योजनेचं बघू, असं मात्र करू नका.

आणि तुमच्यासोबत मागावर कर्नाटकची माणसं असतील, निपाणी-चिकोडी भागातली, तर त्यांनाही सांगा: महाराष्ट्राचं रेशन कार्ड नसलं तरी आयुष्मान भारतच्या यादीत नाव असेल तर ते दुसऱ्या राज्यातल्या अंगीकृत दवाखान्यातही चालतं. इकडं येणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.