जयंत नारळीकरांना शास्त्रज्ञ म्हणून कशासाठी आठवायचे?

आपला प्रश्न असा आहे: "डॉ. जयंत नारळीकरांच्या निधनानंतर बहुतेकांनी त्यांना विज्ञानकथाकार आणि विज्ञानप्रसारक म्हणून आदरांजली वाहिली. महास्फोटाच्या सिद्धांताला त्यांनी आयुष्यभर विरोध केला, पण त्यांनी मांडलेला पर्याय काही मान्य झाला नाही. मग शास्त्रज्ञ म्हणून त्यांना नेमके कशासाठी आठवायचे?"

प्रश्न रोखठोक आहे आणि त्याला उत्तरही तसेच द्यायला हवे. २० मे २०२५ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी नारळीकर सर पुण्यात गेले, त्यानंतर जे लिहिले गेले त्यातले बरेचसे आदराने ओथंबलेले असले तरी त्यांच्या संशोधनाविषयी त्यात जेमतेम एखादे वाक्य असे, आणि तेही 'हॉइल-नारळीकर सिद्धांत' एवढे नाव घेऊन संपत असे. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, आणि ज्या माणसाने शेवटपर्यंत 'पुरावा काय?' हाच प्रश्न विचारला त्याच्या कामाकडे आपणही त्याच नजरेने पाहावे, असे मला मनापासून वाटते. माझे उत्तर थोडक्यात सांगायचे तर असे की, आपली कल्पना चुकीची ठरू शकेल अशी कसोटी आधी स्वतः ठरवायची आणि मग त्या कसोटीला उभे राहायचे, ही वृत्ती त्यांच्या सगळ्या कामाच्या मुळाशी होती. त्यांचे संशोधन, त्यांचे संस्थेचे काम आणि त्यांचे लेखन एकमेकांपासून तोडून पाहिले की हीच गोष्ट नजरेआड होते.

सुरुवात केंब्रिजपासून करावी लागेल. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मलेले आणि वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख असल्यामुळे वाराणसीत वाढलेले जयंतराव १९५७ मध्ये बी.एस्सी. होऊन केंब्रिजला गेले, तिथे गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येऊन रँग्लर झाले आणि खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला होता. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांना मान्यच होते, परंतु त्याची सुरुवात एखाद्या महास्फोटातून झाली हे मान्य नव्हते; प्रसरणामुळे द्रव्य विरळ होत जावे तसतसे नवे द्रव्य निर्माण होत राहते आणि म्हणून विश्वाचे एकंदर रूप कोणत्याही काळी सारखेच दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. नवे द्रव्य म्हणजे तरी किती, तर एक घनमीटर जागेत अब्जभर वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. इतकी मंद निर्मिती कोणत्याही प्रयोगशाळेत मोजता येणार नाही, पण तिचे परिणाम दूरच्या विश्वात दिसायला हवेत, आणि त्यामुळेच हा सिद्धांत तपासता येण्याजोगा होता.

तपासणी लवकरच आली. १९६१ मध्ये केंब्रिजचेच मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची, म्हणजे आकाशातल्या रेडिओ लहरी सोडणाऱ्या वस्तूंची मोजदाद जाहीर केली. मंद, म्हणजे दूरचे स्रोत स्थिर स्थितीच्या हिशेबापेक्षा जास्त भरत होते, म्हणजे विश्व पूर्वी वेगळे होते, म्हणजे सिद्धांत चुकला, असा त्यांचा निष्कर्ष होता. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्याला उत्तर देण्याच्या वेळी हॉइल यांना दुसरीकडे जायचे होते, म्हणून त्यांनी आपल्या या नवख्या विद्यार्थ्याला उभे केले. विशीतल्या नारळीकरांनी तिथे जो मुद्दा मांडला त्याचा गाभा असा होता की, आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिका समूहांच्याही वरच्या पातळीवर गोळा झालेल्या असतील आणि आपण एखाद्या विरळ भागातून पाहत असू, तर जवळचे स्रोत कमी दिसतील आणि मोजदादीतला फरक त्यातून निघू शकेल. एवढ्या मोठ्या प्रमाणावरची विषमता त्या काळी फारसे कोणी गृहीत धरत नव्हते, पण पुढे दीर्घिकांचे महासमूह आणि त्यांच्यामधल्या प्रचंड पोकळ्या निरीक्षणांत खरोखरच सापडल्या. त्यामुळे स्थिर स्थितीचा सिद्धांत काही वाचला नाही. तरीही एका कोंडीत सापडलेल्या सिद्धांताची बाजू लढवताना मांडलेली कल्पना विश्वाच्या रचनेविषयी बरोबर निघाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते आणि आदरांजलीच्या लेखांत ते कुठेच आले नाही याचे वाईटही वाटते.

त्यानंतरचे काम जास्त खोल आहे. १९६४ मध्ये हॉइल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा जो नवा सिद्धांत मांडला त्याचा उगम भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांच्या विचारात होता. न्यूटनच्या कल्पनेप्रमाणे सगळे विश्व रिकामे केले आणि एकच कण उरला, तरी त्या कणाला वस्तुमान असेल, कारण वस्तुमान हा त्याचा स्वतःचा गुण आहे. माख यांना हे पटत नव्हते. वस्तूचे जडत्व तिला विश्वातल्या उरलेल्या सर्व वस्तूंमुळे लाभते, असे ते म्हणत. आइन्स्टाइन यांनाही या विचाराचे आकर्षण होते, पण व्यापक सापेक्षता या त्यांच्या गुरुत्वाच्या सिद्धांतात तो पूर्णपणे उतरला नाही. हॉइल-नारळीकर यांनी तो गणितात उतरवला. त्यांच्या समीकरणांत प्रत्येक कणाचे वस्तुमान इतर सर्व कणांच्या योगदानाची बेरीज म्हणून येते, विश्वात पुष्कळ कण असतील तेव्हा तीच समीकरणे आइन्स्टाइनच्या समीकरणांचे रूप घेतात आणि गुरुत्व हे ओढणारेच का, ढकलणारे का नाही, याचे उत्तरही त्यातून आपसूक निघते. पुढच्याच वर्षी, २६ व्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले, ते या कामाच्या गाजावाजामुळे.

याच सिद्धांतावर पहिला मोठा आघात करणाऱ्या तरुणाचे नाव स्टीफन हॉकिंग होते. रॉयल सोसायटीत हा सिद्धांत मांडला जात असतानाच हॉकिंग यांनी उठून सांगितले की, प्रसरण पावणाऱ्या विश्वात तुमची ही बेरीज अनंत येते. त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचे पहिले प्रकरण याच आक्षेपाचे आहे. पुढे नारळीकर आणि हॉइल यांनी या अडचणीवर बराच काळ काम केले, परंतु बहुसंख्य शास्त्रज्ञांनी हा मार्ग सोडून दिला हे खरे. वस्तुमान येते कुठून, हा प्रश्न मात्र त्यामुळे जिवंत राहिला, आणि एखाद्या सिद्धांताची किंमत करताना तो कोणता प्रश्न धसास लावतो हेही मी पाहतो.

१९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले आणि बाजी महास्फोटाच्या बाजूने झुकली. उष्ण, दाट अवस्थेतून विश्व थंड होत आले असेल तर असे प्रारण उरायलाच हवे होते, आणि स्थिर स्थितीच्या सिद्धांताकडे त्याचे सहज उत्तर नव्हते. १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारित रूप पुढे आणले. त्यात विश्व दीर्घकाळ प्रसरण पावत असतानाच सुमारे ५० अब्ज वर्षांच्या चक्रांनी आकुंचन-प्रसरण पावते आणि द्रव्यनिर्मिती एकाच क्षणी न होता अनेक लहान-लहान स्फोटांत होत राहते. सूक्ष्मलहरींचे प्रारण म्हणजे आधीच्या चक्रांतल्या ताऱ्यांचाच प्रकाश, जो लोहाच्या अतिसूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा बाहेर टाकला, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

इथे आपल्या प्रश्नातला कठीण भाग येतो. हे स्पष्टीकरण मला स्वतःला पटत नाही. त्या प्रारणाच्या तापमानात जागोजागी जे लक्षांश भागाइतके चढउतार उपग्रहांनी मोजले, त्यांचा नकाशा प्रचलित सिद्धांत मोजक्या राशी घेऊन फार नेमका उभा करतो. सरांनी ही बाजू जितकी वर्षे लावून धरली तितकी मी धरली नसती. परंतु त्यांनी ती कशी धरली ते पाहावे. आमचे म्हणणे खरे असेल तर आधीच्या चक्रातले, म्हणजे १४ अब्ज वर्षांहून जुने तारे सापडायला हवेत, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले. शोधा आणि सापडले नाहीत तर आम्हाला विचारा, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय प्रचलित सिद्धांतात कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा यांचा वाटा विश्वाच्या ९५ टक्क्यांच्या घरात जातो आणि ते दोन्ही नेमके काय आहे हे अजून कोणालाच सांगता आलेले नाही, याची ते आठवण करून देत. ही आठवण आजही तितकीच बोचरी आहे. आणखी एक गोष्ट: विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे असे १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून, म्हणजे स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून दिसले, तेव्हा अनेकांना धक्का बसला. जुन्या स्थिर स्थितीच्या सिद्धांतात वाढता वेग पहिल्यापासून गृहीत होता. तेवढ्यावरून तो सिद्धांत सिद्ध होत नाही, पण ज्यांना तो केवळ हट्ट वाटतो त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता विज्ञानकथांविषयी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कृष्णविवरावरची आपली कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, म्हणजे ज. वि. ना. ही आपली आद्याक्षरे उलटी करून. तोपर्यंत त्यांचे नाव घरोघरी पोहोचलेले होते आणि त्या नावाकडे पाहून बक्षीस मिळावे हे त्यांना नको होते. कथेला पहिले बक्षीस मिळाले. परीक्षकाला नाव कळू न देता तपासणी करणे ही तर प्रयोगशाळेतली रीतच, त्यामुळे या प्रसंगाकडे केवळ गंमत म्हणून पाहू नये.

फलज्योतिषाच्या बाबतीत त्यांनी हेच केले. ते थोतांड आहे असे नुसते म्हणण्यावर ते थांबले नाहीत. २००८ मध्ये नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि सुधाकर कुंटे यांच्यासह त्यांनी एक चाचणी आखली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा जमवून पत्रिका तयार केल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० पाठवून मूल कोणत्या गटातले ते सांगायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के निघाले, आणि नाणे उडवून ठरवले असते तरी ते ५० टक्क्यांच्या आसपास आले असते. दुसऱ्याच्या दाव्याला जी कसोटी, तीच आपल्या दाव्याला, हेही त्यांनी पाळले. पृथ्वीबाहेरून सूक्ष्मजीव येत असावेत या हॉइल यांच्या आवडत्या कल्पनेची तपासणी करण्यासाठी हैदराबादहून फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा करण्यात आले, त्या प्रकल्पात ते पुढे होते. त्यातून जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या आणि एकीला हॉइल यांचे नाव दिले गेले. पण हे जीव बाहेरूनच आले असे यातून सिद्ध होत नाही, हे निष्कर्षाबरोबरच स्पष्ट सांगितले गेले. गुरूची कल्पना, गुरूचे नाव आणि तरीही हा संयम, हे सोपे नाही.

मुलांनी स्वाक्षरी मागितली की ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही असेल. हे पुष्कळांनी सांगितले आहे, म्हणून मी लांबवत नाही.

माझ्या दृष्टीने त्यांच्या कामाचा सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे आयुका, हे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठ केंद्र. १९७२ मध्ये केंब्रिज सोडून ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, ते स्वतःच मोठे पाऊल होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष यशपाल यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका उभी राहिली, आणि अजित केंभावी व नरेश दधीच यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह तिची घडी बसवण्यासाठी सर मुंबईचे स्थिर पद सोडून पुण्याला आले. २००३ पर्यंत ते तिचे संचालक होते. आपल्याकडे उत्तम संशोधन काही निवडक संस्थांत होत होते आणि विद्यापीठे, महाविद्यालये त्यापासून तुटलेली होती. आयुकाची रचना नेमकी या तुटलेपणावर केली गेली. लहान गावातल्या महाविद्यालयाचा शिक्षकसुद्धा तिथे जाऊन राहू शकतो, ग्रंथालयात बसू शकतो, तिथल्या संशोधकांबरोबर काम करू शकतो आणि परत येऊन आपल्या विद्यार्थ्यांना शिकवू शकतो. मीही त्या सोयीचा लाभ घेतलेला आहे, आणि नियतकालिकांचे ताजे अंक स्वतःच्या हाताने चाळायला मिळणे ही आमच्यासारख्यांसाठी काय गोष्ट होती हे मोठ्या संस्थांतल्यांना सांगून कळणार नाही.

संचालकाच्या हाती संस्थेत कोणी काय करावे हे ठरवण्याची पुष्कळ सत्ता असते, आणि आपल्याच सिद्धांताचा मठ उभारणे त्यांना कठीण नव्हते. त्यांनी तो उभारला नाही. संजीव धुरंधर यांनी आयुकात गुरुत्वीय लहरींचा क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याच्या गणिती पद्धतींवर काम केले, आणि २०१५ मध्ये त्या लहरी प्रथमच पकडल्या गेल्या तेव्हा त्या प्रकारच्या पद्धतींचे मोल जगाला दिसले. थानू पद्मनाभन हे मुंबईपासूनचे त्यांचे विद्यार्थी आयुकात आले आणि प्रचलित विश्वरचनाशास्त्रातले जगभर मानले जाणारे नाव झाले. तरुण सौरदीप यांनी तर तिथे सूक्ष्मलहरींच्या प्रारणातल्या चढउतारांचा अभ्यास केला. सरांच्या स्वतःच्या सिद्धांताला ज्या निरीक्षणांनी सर्वांत अडचणीत आणले, त्यांच्यावरचे काम त्यांनी उभारलेल्या संस्थेत असे उघडपणे होत राहिले.