वाचक विचारतात

प्रश्न : 'बेबी नंदा' म्हणजे नंतरची हिरोईन नंदाच का? आणि ती सारखी बहीणच का व्हायची? (एक वाचक, सातारा)

उत्तर : हो हो, तीच. नट-दिग्दर्शक मास्टर विनायकांची मुलगी. १९४७ मध्ये वडील गेले तेव्हा ही जेमतेम आठ वर्षांची, आणि घर चालवायचं म्हणून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, म्हणजे हौस वगैरे नंतरची गोष्ट. व्ही. शांताराम नात्याने काका लागायचे, त्यांच्या 'तूफान और दिया'मध्ये (१९५६) तिला मोठा रोल मिळाला, तोही बहिणीचाच! मग १९५९ ला 'छोटी बहन' आला, त्यातली आंधळी बहीण लोकांना इतकी आवडली की झालं, शिक्का बसला तो बसलाच. 'आंचल'साठी फिल्मफेअर मिळालं तेही सहायक अभिनेत्रीचं. आम्हाला विचाराल तर तिची खरी हिंमत दिसते ती शशी कपूरच्या बाबतीत, तो नवीन, पिक्चर चालत नव्हते, मोठ्या हिरोइनी हात आखडता घेत होत्या, हिने मात्र सरळ साइन केलं, आणि १९६५ मध्ये 'जब जब फूल खिले' असा काही चालला की विचारू नका. 'इत्तेफाक' (१९६९) बघितला नसेल तर जरूर बघा, त्यात गाणी नाहीत आणि नंदा अजिबात सोज्वळ नाही. पुढे 'प्रेम रोग'मध्ये ती पद्मिनी कोल्हापुरेची आई झाली, दोघी मराठीच की! लग्न मात्र राहूनच गेलं, दिग्दर्शक मनमोहन देसाईंशी साखरपुडा झाला होता पण १९९४ मध्ये तेच गेले. नंदा गेली २०१४ च्या मार्चमध्ये, मुंबईत.