वडावरचा हरियाल दिसत का नाही?

प्रश्न : आमच्या मागचा वड पिकला की हरियाल, म्हणजे हिरवी कबुतरं, येतात म्हणे. मला एकही दिसत नाही! त्यांच्या विष्ठेतूनच वड रुजतो का?

उत्तर : चाहूल लागली की हा आपला राज्यपक्षी हलतच नाही, हिरवट-पिवळं अंग पानांत विरून जातं. कोवळ्या उन्हात शेंड्याच्या वाळक्या फांद्या बघा, थवा तिथे शेकत बसतो. पाय हळदीसारखे पिवळे.

वड रुजवण्याचं श्रेय मात्र त्याला नको. त्याचं दणकट जठर बहुतेक बिया भरडून टाकतं. ते काम बुलबुल, कोकीळ, वटवाघळांचं.

घरटं म्हणजे चार काटक्या, त्यात दोन पांढरी अंडी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कचरा अडकलाय समजून मी पुढे गेलो होतो!