परदेशी डीजे क्लबमध्ये येऊन नक्की करतो काय? बटणच दाबतो ना?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शनिवारी पुण्यातल्या एका क्लबमध्ये युरोपातून आलेल्या डीजेला ऐकायला गेलात, दोन हजार कव्हर भरलं, आणि तो माणूस दीड तास एका कानाला हेडफोन लावून हात हलवत होता. पेनड्राइव्ह लावून बटणच दाबायचं तर एवढ्या लांबून माणूस कशाला आणायचा?

दाबतो. बटणच दाबतो. हे आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल.

मी सात वर्षं शुक्रवार-शनिवार रात्री कोरेगाव पार्क आणि मुंढव्याच्या क्लबांत वाजवलं. दिवसा नोकरी. पोस्टरवर बाहेरून आलेल्या पाहुण्या डीजेचं नाव ठसठशीत आणि तळाला चष्मा लावला तरच वाचता येईल अशा अक्षरांत 'सपोर्ट' म्हणून एक नाव असतं ना, तो मी. मूळचा सांगलीकडचा. आमच्याकडे डीजे हा माणूस नसतोच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत म्हणजे डीजे, तिलाच डॉल्बीही म्हणतात. मी पुण्यात डीजे झालोय हे कळल्यावर वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, "जनरेटर कुणाचा?" त्यामुळे तुमच्या प्रश्नाचा मला राग वगैरे काही आलेला नाही.

आधी बटणाचं बघू. क्लबच्या टेबलावर गाणी वाजवणारे दोन ते चार प्लेअर असतात आणि मध्ये त्यांचे आवाज एकत्र करणारा मिक्सर. बहुतेक ठिकाणी पायोनियरचे सीडीजे. नावात सीडी आहे, पण २०२० साली आलेल्या सीडीजे-३०००ला सीडी घालायची फटच नाही. पाहुणा येतो तो खिशात दोन पेनड्राइव्ह घेऊन. दोन अशासाठी, की एक ऐनवेळी दगा देतं. प्रत्येक ट्रॅकचा ठेका त्याने घरी रेकॉर्डबॉक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजून, खुणा करून ठेवलेला असतो. सिंक दाबलं की दोन ट्रॅकचा वेग आपोआप जुळतो. टर्नटेबलच्या जमान्यात तबकडी बोटाने किंचित ढकलत, किंचित रोखत हेच जुळवायला माणूस वर्ष-दोन वर्षं घासायचा. ते काम आता मशीन करतं. इथपर्यंत तुमचा संशय बरोबर आहे.

कॅनडाचा डेडमाऊस स्वतः या धंद्यातलं मोठं नाव. त्याने २०१२ मध्ये उघड लिहून टाकलं की आम्ही सगळे प्लेच दाबतो. त्यावर बराच गदारोळ झाला. पण मोठ्या स्टेजचं गणित वेगळं असतं. तिथे लाइट, पडद्यावरची चित्रं, आगीचे लोळ हे सगळं गाण्याला सेकंदासेकंदाने बांधलेलं असतं. मनात आलं म्हणून गाणं बदललं तर आग भलत्याच वेळी उडायची. क्लबात आगही नसते आणि बांधलेलं काही नसतं. तीनशे माणसं, बुटकं छत, आणि पहिली रांग इतकी जवळ की कुणीतरी मोबाइलवर गाण्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून थेट नाकासमोर धरतो. (पाहुण्यालासुद्धा. एकदा एका जर्मन माणसाला मी 'झिंगाट' म्हणजे काय ते समजावून सांगितलेलं आहे.)

आणि ठेका जुळवणं हीच कला म्हणायची, तर गोव्याचं काय करायचं? ऐंशी-नव्वदच्या दशकात हणजूण-वागातोरला रात्रभर पार्ट्या चालायच्या. त्या उन्हात, धुळीत आणि दमट हवेत तबकड्या टिकायच्या नाहीत, म्हणून मंडळी कॅसेटवर आणि पुढे डॅट नावाच्या छोट्या डिजिटल टेपवर वाजवायची. तिच्यावर वेग कमी-जास्त करायची सोय नसायची. मग एक ट्रॅक विरत आला की दुसरा हळूच आत सोडायचा. तिथल्या पार्ट्यांच्या संगीताला गोवा ट्रान्स म्हणतात; त्याच्या जुन्या ट्रॅकांना सुरुवातीला आणि शेवटाला ठेक्याविना लांबलचक भाग असतो, त्यामागे हेही एक कारण. गोवा गिल हा तिथला गाजलेला डीजे, मूळचा कॅलिफोर्नियाचा, २०२३ मध्ये वारला. बाकीचे सीडीवर गेले तरी हा कित्येक वर्षं डॅटलाच चिकटून होता, आणि चोवीस-चोवीस तास वाजवायचा. म्हणजे ज्याच्यासाठी लोक जगभरातून यायचे तो तुमच्या हिशेबाने बटणवालाच. कुठला ट्रॅक आणि केव्हा, एवढंच त्याच्या हातात होतं.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते सांगतो, कारण ते माझं काम होतं.

दार उघडतं नऊला. फ्लोअरवर दोन वेटर आणि एक एसी दुरुस्त करणारा. मॅनेजर येऊन म्हणतो, "पब्लिक नाचव." आणि पाहुण्याच्या एजंटची मेल आलेली असते तिचा मथितार्थ बरोबर उलटा: १२२ बीपीएमच्या (मिनिटाला पडणारे ठोके) वर जायचं नाही, पाहुण्याचे स्वतःचे ट्रॅक वाजवायचे नाहीत, मिक्सरचे आवाज दाखवणारे दिवे लाल होऊ द्यायचे नाहीत. म्हणजे लोक डुलले पाहिजेत, पेटता कामा नयेत. कान दोन तासांत दमतात. मी साडेदहालाच आवाज आणि वेग दोन्ही टोकाला नेले तर पाहुण्याने वर कुठे जायचं? मैफलीत भैरवी कुणी आधी गात नाही, तसंच हे.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. तरी दुसऱ्या वर्षी मी माती खाल्लीच. पावणेअकराला फ्लोअर अनपेक्षितपणे भरलं, मला हाव सुटली आणि मी १२८वर जाऊन त्या वर्षी सगळीकडे वाजत असलेला एक हुकमी ट्रॅक सोडला. काय किंचाळली पोरं! मी मागे वळलो तर पाहुणा बूथच्या कोपऱ्यात उभा, खांद्याला बॅग तशीच. युरोपातला टेक्नोवाला, पन्नाशीच्या आसपासचा. एक शब्द बोलला नाही. हेडफोन खोचले, माझा शेवटचा ट्रॅक जवळजवळ पूर्ण संपू दिला, मग बेस काढून घेतला आणि नुसती एक कोरडी हाय-हॅट, म्हणजे ड्रमची झांज, ठेवली. टिस्, टिस्, टिस्. दोन मिनिटं तेवढंच. अर्धं फ्लोअर सिगरेट ओढायला बाहेर, उरलेलं बारवर. मॅनेजर माझ्याकडे असा बघतोय की जणू पाहुणा मीच आणला.

त्याच्या जागी मी असतो तर घाबरून लगेच काहीतरी जड वाजवलं असतं. त्याने वेग उलट आणखी उतरवला. आणि तो नाचणाऱ्यांकडे बघतच नव्हता. तो बघत होता बारच्या कडेला, खांबापाशी. तिथे दोन मुली पर्स खांद्याला अडकवून उभ्या होत्या आणि त्यातल्या एकीचा पाय चालू होता. बाकी अंग गप्प, फक्त बूट. त्याने पुढचे तीन ट्रॅक त्या बुटासाठी वाजवले. मी शप्पथ घेऊन सांगतो, त्या बुटासाठीच. एका कानात पुढचा ट्रॅक, दुसरा कान खोलीला मोकळा, आणि नजर त्या खांबावर. (हेडफोन एकाच कानाला का, तर याच्यासाठी. दोन्ही कान झाकले तर खोली ऐकू येत नाही.) तिसऱ्या ट्रॅकला पर्स टेबलावर गेल्या आणि दोघी आत आल्या. त्यांच्यामागून बारवरचे. सव्वाबाराला फ्लोअर परत गच्च, आणि आता वेग मी ठेवला होता त्याच्याही वर. पण मधली पंचवीस-तीस मिनिटं गेली ती गेलीच, आणि ती मी घालवली होती.

यातलं बटण कुठलं, ते तुम्हीच ठरवा.

या पंचवीस मिनिटांची किंमत पुण्यात जास्त असते, कारण आपल्याकडे रात्र लहान. बर्लिनमध्ये बर्गहाइनसारख्या क्लबची पार्टी शनिवारी रात्री सुरू होते आणि सोमवारी सकाळपर्यंत चालते. तिथे डीजेला चार-चार तास मिळतात, चुकायला आणि सावरायला दोन्हीला वेळ. पुण्यात दीडला बंद, म्हणजे सव्वाला दिवे लागतात. आणि आपली मंडळी अकराशिवाय घर सोडत नाहीत. उघड्यावर वाजवायचं तर रात्री दहालाच स्पीकर बंद, त्यामुळे बंद खोलीवाचून पर्याय नाही. परदेशात सावकाश उलगडत जाणारा माणूस इथे दीड तासात सगळं कोंबतो, आणि मग तुमच्यासारख्याला वाटतं, हा नुसता एकामागून एक धमाके सोडतोय. वाटणारच.

पेनड्राइव्हवरून आठवलं. दोघे डीजे बदलतात तेव्हा जाणाऱ्याचा शेवटचा ट्रॅक अजून त्याच्याच पेनड्राइव्हवरून चालू असतो. एका रात्री मी मदत करायला म्हणून माझं काढलं आणि काढलं नेमकं वाजणारं. अशा वेळी प्लेअर एकदम गप्प होत नाही. हाताशी असलेले शेवटचे काही ठोके तो पुन्हा पुन्हा वाजवत राहतो, त्याला इमर्जन्सी लूप म्हणतात. माझा घाम पायापर्यंत आला. फ्लोअरला वाटलं बिल्ड-अप आहे, म्हणजे धमाक्याआधी ताणत नेलेला भाग. पाहुणीने (ती बाई होती) माझ्याकडे बघून डोळा मारला, त्या अडकलेल्या लूपवर तिचा ट्रॅक चढवला आणि सोळा ठोक्यांनंतर लूप कापला. लोकांनी हात वर केले. त्यातला एकजण नंतर मला येऊन म्हणाला, "भाई, ती एंट्री काय होती!"

पैशांचं. एवढे कशाला, तर सगळे त्या माणसाच्या खिशात जात नाहीत. एक पाहुणा एका शहरासाठी आणणं परवडत नाही, म्हणून एजंट माळ ओवतो: गुरुवारी बंगळुरू, शुक्रवारी दिल्ली, शनिवारी पुणे, रविवारी गोवा. लांबचं विमानभाडं चौघांत वाटून घ्यायचं. परदेशी कलाकाराच्या मानधनावर २० टक्के आयकर कापावा लागतो, वर सेस. करारात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की कर आयोजकाने सोसायचा. म्हणजे त्याच्या हातात एक लाख पडायचा तर आयोजकाचे सव्वा लाखाच्या वर जातात. निम्मं मानधन महिनाभर आधी पोहोचवायचं, तारीख रद्द झाली तरी ते परत येईलच असं नाही. त्यावर हॉटेल, गाडी, तिकिटावरचा जीएसटी, संगीताचे परवाने. मी पाहिलेल्या दर तीन रात्रींतली एक तोट्यात जायची आणि आयोजक हसत हसत सगळ्यांचे फोटो काढत फिरायचा. मला रात्रीचे तीन हजार मिळायचे आणि दोन ड्रिंकची कुपनं. तेही कधीकधी पुढच्या महिन्यात.

आणि त्या पाहुण्याची ऐट वाटते तितकी नसते. चौथ्या दिवशी चौथं शहर. रायडरमध्ये, म्हणजे कराराला जोडलेल्या मागण्यांच्या कागदात, व्होडका, टॉवेल, फळं अशी यादी असते, आणि प्रत्यक्षात तो बूथमागच्या खोलीत सोफ्यावर बूट घालून झोपलेला सापडतो. तोच टेक्नोवाला उठल्यावर मला म्हणाला, साधा भात मिळेल का, त्यावर काही नको. किचन बंद झालं होतं. स्टाफसाठी केलेला भात होता, तो त्याने प्लास्टिकच्या डब्यातून, वाकलेल्या काट्याने उभ्या उभ्या खाल्ला आणि पाच वाजताच्या टॅक्सीत बसला.

तुमच्या दोन हजारांचं म्हणाल तर ते कव्हर होतं ना? म्हणजे त्यातले बरेचसे तुम्ही बारवर वसूल केले असतील. केले नसतील तर चूक तुमची. पुढच्या वेळी साडेनऊला या. त्या वेळेला गेस्टलिस्टवर बहुतेक ठिकाणी फुकट सोडतात, बारवर गर्दी नसते, आणि पोस्टरवरच्या त्या बारीक अक्षरांतल्या पोराला ऐकायला तेवढंच एक माणूस जास्त. बसायचं असेल तर खांबापाशी बसा.